पद्मिनी सकाळी उचलत नाही आणि तापल्यावर तर अजिबातच नाही (मदत हवी, चोपडा)

पद्मिनीवाला_चोपडा:
नमस्कार मंडळी. अप्पांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोल, ओरिजिनल १०८९ सीसी इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर. गाडी आठवड्यातून एकदाच निघते. प्रॉब्लेम असा की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायला येते तेव्हा कुठे एक सिलिंडर पकडतो मग दुसरा आणि मग खोकत खोकत चालू होते. एकदा चालू झाली की मख्खन. पण परवा जळगावहून येताना अडावदला चहाला थांबलो, दहा मिनिटं फक्त, परत किल्ली मारली तर काहीच नाही, सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी मेलेली. अर्धा तास ऊन खाल्लं, बायको हसून हसून बेजार, शेवटी आपोआप चालू झाली. लोकल मेकॅनिकने तीन वेळा कार्बोरेटर उघडून साफ केला, प्लग नवीन टाकले, फरक शून्य. आता तो म्हणतो नवीन कार्बोरेटर टाका. टाकू का?

भरीत_प्रेमी:
विकून टाक भो, त्या पैशात पाच वर्षं भरीत पार्टी होतील.

केळीबाग_रावेर:
आधी पेट्रोलचं बघा. वीस टक्के इथेनॉल आलंय तेव्हापासून जुन्या गाड्यांची वाट लागली आहे, माझ्या जुन्या स्कूटरचं पण हेच. सगळा दोष त्याचा.

लोकोशेड:
भुसावळहून. रेल्वेत इलेक्ट्रिकलला होतो, आता रिटायर. तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू म्हणजे बहुतेक क्वाइल, प्लगचा करंट तयार करणारी, नाहीतर तिच्या जोडीचा कंडेन्सर. गरम झाली की आतलं इन्सुलेशन दम तोडतं, करंट येत नाही, गार झालं की परत येतो. डोळे झाकून दोन्ही बदला.

पांझराकाठ:
काका, डोळे झाकूनच तर सगळी गडबड होते ना. वडिलांचं धुळ्यात गॅरेज होतं, फियाट आणि अॅम्बेसेडरवरच वाढलो मी. पद्मिनीवाले दादा, नवीन कार्बोरेटर आत्ता टाकू नका. तुम्ही एका गाडीत दोन आजार सांगताय आणि औषध एकच मागताय. गार असताना उचलत नाही हा एक आजार, तापल्यावर उचलत नाही हा दुसरा, दोघांचं कारण बरेचदा अगदी उलटं असतं, गारेला पेट्रोल कमी पडतं आणि गरमला जास्त होतं. मेकॅनिक बिचारा दोन्ही वेळेस कार्बोरेटर धुतोय.

आधी गार आजार. मला एवढं सांगा:
पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये पारदर्शक फिल्टर आहे का, आणि सकाळी सेल्फ मारायच्या आधी त्यात पेट्रोल दिसतं का?
चोक ओढल्यावर खाली कार्बोरेटरवरचा लिव्हर पूर्ण टोकाला जातो का? गाडीत बसून नाही, बोनेट उघडून दुसऱ्याला ओढायला लावून बघा.
सेल्फ मारताना अॅक्सिलेटर किती वेळा दाबता?

पद्मिनीवाला_चोपडा:
फिल्टर आहे, मीच टाकला होता. आत बघितलं कधी नाही. अॅक्सिलेटर म्हणाल तर चोक ओढून सात आठ वेळा पंप करतो आणि सेल्फ मारताना पण दाबतच असतो, अप्पांनी असंच शिकवलं.

नंदुरबारची_मिरची:
दादा ते दाबणं बंद करा आधी! आजोबांची फियाट मी चालवते म्हणून सांगते. बऱ्याच सोलेक्समध्ये चोकची पाकळी नसते वर, बाजूला एक चकती असते स्टार्टरची, चोक ओढला की ती फिरते आणि पेट्रोलचा वेगळा रस्ता उघडते. तो रस्ता इंजिनच्या ओढीवर चालतो. अॅक्सिलेटर दाबला की मधली पाकळी उघडते, ओढ कमी होते, आणि स्टार्टर पेट्रोल देतच नाही. म्हणजे तुम्ही एका हाताने देताय आणि पायाने काढून घेताय. तुमच्याकडे वरून पाकळी असेल तर गोष्ट वेगळी, एअर क्लीनर काढून बघून घ्या कुठला प्रकार आहे. चकतीवाला असेल तर चोक पूर्ण, पाय बाजूला, सेल्फ.

आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा. सेल्फ तापून जळतो.

केळीबाग_रावेर:
इथेनॉलवर कोणीच बोलत नाहीये 🙂

पांझराकाठ:
बोलू ना भाऊ. इथेनॉलचा हात आहेच, पण "सगळा दोष" नाही. साध्या पेट्रोलला एक किलोला साधारण चौदा पूर्णांक सात किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ. म्हणजे त्याच जेटमधून, कार्बोरेटरचं पेट्रोलचं बारीक भोक ते, वीस टक्के मिश्रण गेलं की इंजिनला मिक्स्चर पातळ पडतं, हवा जास्त पेट्रोल कमी. इंजेक्शनवाली गाडी सेन्सर बघून स्वतः जुळवून घेते, कार्बोरेटरला डोळे नसतात. म्हणून गारठ्यात उचलायला थोडी जड. दुसरं म्हणजे जुने रबर, पंपाचं डायफ्राम, होज, हे इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, किंवा तडकतात. आणि ते पाणी ओढून घेतं, आठवडा आठवडा उभ्या गाडीला तेही नडतं. पण हे सगळं गृहीत धरलं तरी गाडी चालू व्हायला हवी, चालू झाल्यावर मख्खन चालते म्हणताय ना, म्हणजे पेट्रोल विष नाहीये.

पद्मिनीवाला_चोपडा:
आज सकाळी बघितलं. फिल्टर कोरडा ठणठणीत! आठवडाभर उभी होती. आणि एअर क्लीनर काढला तर वर पाकळी नाही, ताई म्हणतात तसा बाजूला चकतीवालाच आहे. मुलाला चोक ओढायला लावला तर लिव्हर अर्ध्यात थांबतो, केबलचं वरचं कव्हर क्लिपमधून सरकलंय, केबल ओढली की कव्हरच मागे येतं.

पांझराकाठ:
बघा, नवीन कार्बोरेटर टाकला असता तर त्यालाही हीच केबल लागली असती. क्लिप घट्ट करा, लिव्हर हाताने टोकाला धरून केबल बांधा, आणि चोक आत ढकलल्यावर लिव्हर पूर्ण परत जातो का तेही बघा, नाहीतर दिवसभर अर्ध्या चोकवर गाडी चालेल आणि पेट्रोल पिऊन पिऊन प्लग काळे करेल.

आता कोरड्या फिल्टरचं. उद्या सेल्फ मारायच्या आधी कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत, जिथे पेट्रोल साठतं तिथे, इंजेक्शनच्या सिरिंजने थोडं पेट्रोल टाका, दहा बारा एमएल पुरे, आणि मग मारा. लगेच पकडली तर तुमचं करंट, टायमिंग, कॉम्प्रेशन सगळं ठीक, फक्त पेट्रोल उशिरा पोचतंय. उघड्या पेट्रोलजवळ प्लगची वायर उघडी ठेवू नका, जवळ वाळूची बादली ठेवा. आणि तोंडाने नळीतून पेट्रोल ओढू नका, आपण सगळ्यांनी केलेलं आहे, तरी नका ओढू.

लोकोशेड:
मी अजूनही कंडेन्सरच म्हणतो. पण हे पण करून बघा.

पद्मिनीवाला_चोपडा:
काका राग मानू नका, गरम आजारात तुमचा नंबर आहे. आज गाडी तीन दिवस उभी होती. वाटीत पेट्रोल टाकलं, चोक पूर्ण ओढला, पाय मांडी घालून बसलो म्हणजे दाबायचा मोहच नको, किल्ली मारली आणि... दोन सेकंदात चालू. दोन सेकंद! अप्पा बाहेर आले बघायला की कोणाची गाडी चालू झाली.

पांझराकाठ:
मग आता शोधायचं पेट्रोल मागे का जातं. पद्मिनीची टाकी मागे, पंप पुढे इंजिनवर, मधली नळी लांब. पंपात आत जायचा आणि बाहेर यायचा असे दोन वॉल्व्ह असतात, छोट्या चकत्या स्प्रिंगवाल्या, त्या बरोबर बसत नसल्या की उभ्या गाडीत पेट्रोल उतरून टाकीत जातं. दुसरं कारण टाकीकडच्या बाजूची रबरी नळी तडकेल असेल तर. तिथून पेट्रोल गळत नाही, हवा आत येते, म्हणून बाहेरून डाग दिसत नाही आणि लोक फसतात. वाटीतलं पेट्रोल उन्हाने उडून जातं ते वेगळंच, आपल्याकडे मे महिन्यात बंद गॅरेजमध्ये पण भट्टी असते. आधी स्वस्तातली नळी बदला, इथेनॉलला चालणारी बघून घ्या, मग पंपाचं किट.

पुणेस्थित_खान्देशी:
सरळ इलेक्ट्रिक पंप लावा ना, किल्ली फिरवली की वाटी भरते, विषय संपला.

पांझराकाठ:
संपतो पण दुसरा सुरू होतो. कार्बोरेटरला तीन चार पीएसआयच्या वर प्रेशर झेपत नाही, इंजेक्शन गाडीचा पंप लावला तर नीडल वॉल्व्ह, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई, ढकलून पेट्रोल ओव्हर होतं. कमी प्रेशरवाला मिळतो, पण मग अॅक्सिडेंट झाला आणि इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल फेकतच राहतो, त्याला ऑइल प्रेशरवर चालणारा कट ऑफ लावावा लागतो. इतकी कटकट करायची तर दोन फूट नळी बदललेली काय वाईट.

भरीत_प्रेमी:
व्हिंटेज नंबर मिळेल का हिला? मग किंमत वाढेल, मग विक.

नंदुरबारची_मिरची:
व्हिंटेजला पन्नास वर्षं पूर्ण लागतात, १९८६ ची म्हणजे २०३६ पर्यंत थांबा तुम्ही. तोपर्यंत भरीत करा, वांगी आम्हाला पण पाठवा.

पद्मिनीवाला_चोपडा:
नळी काढली, हातात धरून वाकवली तर आतून पापडासारखी तडकलेली. बदलली. पंपाचं किट जळगावला अजिंठा चौफुलीपासून विचारत सुटलो, तिसऱ्या दुकानात एक म्हातारबाबा मिळाले, त्यांनी डबा उघडला आणि म्हणे "पद्मिनीचं शे का? आते कोन इचारतं रे बाप्पा." किट टाकलं. आता पाच दिवसांनीही फिल्टरमध्ये पेट्रोल दिसतं. सकाळचा आजार गेला. आता अडावदचा आजार घ्या.

लोकोशेड:
आता माझी पाळी. गाडी गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा. उचलली नाही तर एक प्लग काढून वायरला लावा, प्लगाची बॉडी इंजिनला टेकवा, प्लगाचं भोक आणि कार्बोरेटर यापासून लांब धरा, सेल्फ मारायला लावा. निळा कडक करंट टक टक आवाज करत आला तर मी हरलो. पिवळा नाहीतर लालसर मरतुकडा आला तर कंडेन्सर, क्वाइल, पॉइंट. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले करंट जोडणारे तोडणारे दोन ठिपके, ते उघडून बघा, त्यावर एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा दिसला तर कंडेन्सर गेलेला आहे. गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा, साधारण शून्य पूर्णांक चार ते शून्य पूर्णांक पाच मिलीमीटरच्या मध्ये येतो, फिलर गेजने मोजा, ते हॅक्सॉच्या पात्याने मोजणारे लोक मला माहिती आहेत. आणि सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर लावा, साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर क्वाइलला पुरेसं मिळतच नाही.

नंदुरबारची_मिरची:
आणि तो काढलेला प्लग ओला आहे की कोरडा ते बघा, वास घ्या. कोरडा असेल तर पेट्रोल आलंच नाही, नळीत वाफ धरली असेल, त्याला आजोबा पंपावर ओलं फडकं टाकायचे, शहादा रोडला दुपारी फडक्याशिवाय निघायचेच नाहीत. ओला आणि काळा असेल तर पेट्रोल जास्त झालंय, तिथे फडकं काही कामाचं नाही.

पद्मिनीवाला_चोपडा:
रिपोर्ट. दुपारी दोन वाजता धानोऱ्यापर्यंत जाऊन आलो, दारात बंद केली, दहा मिनिटं. किल्ली मारली, मेली.
करंट: निळा, कडक, बोटभर लांबून आवाज येतो. पॉइंट साफ. (काका 🙏)
बॅटरी: सेल्फ मारताना आठ पूर्णांक सात व्होल्ट.
प्लग: चारही ओले, काळे, पेट्रोलचा भपकारा.
फिल्टर: भरलेला, बुडबुडे नाहीत.

लोकोशेड:
हरलो. पण आठ पूर्णांक सात वाईट आहे, ते सोडू नका. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला अर्थची पट्टी असते, तिचे नट उघडून पॉलिश पेपरने घासा. शेडमध्ये निम्मे फॉल्ट अर्थचेच निघायचे.

पांझराकाठ:
ओले प्लग, करंट आहे, म्हणजे ओव्हर. पुढच्या वेळी गरम असताना उचलली नाही तर चोक पूर्ण आत, अॅक्सिलेटर एकदाच तळाला दाबून तिथेच धरून ठेवा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. जास्त हवा आत जाऊन सिलिंडर साफ होतो, पाच सात सेकंदांत धूर ओकत उठते. हा उपाय झाला, कारण नाही.

कारण दोन असू शकतात. एक, नीडल वॉल्व्ह झिजलाय किंवा फ्लोटची लेव्हल उंच आहे, पेट्रोल थांबत नाही. दोन, नीडल ठीक आहे पण बंद केल्यावर इंजिनची उष्णता वर चढते आणि वाटीतलं पेट्रोल उकळून जेटमधून आत सांडतं. चालू असताना पंख्याची हवा आणि नवीन येणारं गार पेट्रोल यामुळे कार्बोरेटर थंड राहतो, बंद केल्यावर दोन्ही थांबतं, म्हणून चहाची दहा मिनिटंच सगळ्यात वाईट असतात आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते.

ओळखायचं असं. गाडी गार असताना एअर क्लीनर काढा, पंपाला हाताचा लिव्हर असेल तर त्याने पेट्रोल भरा, नसेल तर दोन सेकंद सेल्फ मारा, आणि टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात बघत राहा. थेंब पडले तर नीडल. पडले नाहीत तर गाडी गरम करून बंद करा आणि परत घशात बघा, घड्याळ लावून.

पद्मिनीवाला_चोपडा:
गार असताना: दहा मिनिटं बघितलं, थेंब नाही. मान मोडली.
गरम करून: पहिली पाच मिनिटं काही नाही, सहाव्या मिनिटाला मधल्या नळीतून फस फस आवाज आणि थेंब पडायला लागले, आठव्याला बारीक धारच. नवव्या मिनिटाला मी बोनेट सोडून लांब झालो.

पांझराकाठ:
लांब झालात ते बरं केलंत. नीडल ठीक, पेट्रोल उकळतंय. आता कार्बोरेटर जिथे मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात मिक्स्चर नेणाऱ्या नळकांड्यावर बसतो तिथे मध्ये किती जाड पॅकिंग आहे? काळं किंवा चॉकलेटी, कडक, बेकलाइटचं हवं. ते उष्णता अडवायलाच असतं.

पद्मिनीवाला_चोपडा:
मध्ये फक्त कागदाचं पॅकिंग आहे, पातळ. आणि एक गंमत, कार्बोरेटरच्या दोन्ही स्टडवर नटाच्या खाली तीन तीन वॉशर आहेत.

पांझराकाठ:
ते तीन वॉशरच पुरावा आहे! स्टड लांब आहेत कारण तिथे जाड पॅकिंग होतं, कोणीतरी ते काढलं आणि उरलेली उंची वॉशरने भरली. धातूवर धातू बसला, मॅनिफोल्डची सगळी आग वाटीत. काही मेकॅनिक पॅकिंग तुटलं की कागदावर भागवतात.

पद्मिनीवाला_चोपडा:
तो मेकॅनिकच असणार! तीन वेळा कार्बोरेटर काढला म्हटलं ना, एवढं जाड पॅकिंग गायब होतं आणि मला सांगत नाही.

पुणेस्थित_खान्देशी:
ओरिजिनल पॅकिंग मुंबईत ऑपेरा हाऊसला मिळेल, मी जाणार आहे पुढच्या महिन्यात.

पांझराकाठ:
मुंबई कशाला. चोपड्यात बोअरच्या मोटारी रिवाइंडिंग करणारे पावलागणिक आहेत, केळीच्या पट्ट्यात त्यांना तोटा नाही. त्यांच्याकडे हायलमची शीट असते, चॉकलेटी, तीच. जुन्या कागदी पॅकिंगचा आकार देऊन कापून घ्या, वरखाली एकेक कागदी पॅकिंग लावा. मधलं भोक गुळगुळीत करा, कुसळ राहिलं तर इंजिनात जाईल. नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळा, एकच जोरात आवळला तर कार्बोरेटरचं बूड वाकतं आणि मग हवा ओढतो, तो तिसरा आजार. पेट्रोलची नळी एक्झॉस्टला घासत असेल तर तीही लांब घ्या.

पद्मिनीवाला_चोपडा:
झालं मंडळी. हायलमचा तुकडा दुकानदाराने फुकट दिला, कापायचे शंभर घेतले. वॉशर तीनाचा एक झाला, स्टड बरोबर पुरले. अर्थची पट्टी घासली, खाली हिरवं निघालं, आता सेल्फवर दहा पूर्णांक एक व्होल्ट दाखवतं. काल मुद्दाम भर दुपारी जळगाव, येताना अडावदला त्याच टपरीवर चहा, बरोबर दहा मिनिटं. किल्ली मारली, एका झटक्यात. बायको म्हणे परत बंद करून दाखवा. परत केली, परत चालू.

केळीबाग_रावेर:
पण आत्ताच का त्रास? पॅकिंग काढेल जुनं असेल तर इतकी वर्षं कशी चालली?

पद्मिनीवाला_चोपडा:
हाच प्रश्न मी मेकॅनिकला विचारायला गेलो होतो, तावातावाने. तो म्हणे साहेब मी कार्बोरेटर पहिल्यांदा काढला तेव्हाच ते पॅकिंग नव्हतं. वाद नको म्हणून घरी आलो आणि अप्पांना सांगितलं. अप्पा शेंगा सोलत होते, मान वर न करता म्हणाले, "ते मीच काढेल शे. मागला एअर क्लीनर दुसरी गाडीना व्हता, तो बोनेटले लागे." मग म्हटलं अप्पा तो क्लीनर बदलून तर वीस वर्षं झाली, आणि गरम झाल्यावर तुमच्या वेळेस कशी चालू व्हायची? तर म्हणे, "उन्हायामा पाय दाबी ठेवाना नं, तुले सांगेल नही का?"

सांगितलं होतं हो, उन्हाळ्यात पाय दाबून धरायचा. तेच मी चोक ओढून सकाळी करत होतो.

मेकॅनिककडे उद्या पेढे घेऊन जातोय.

नंदुरबारची_मिरची:
अप्पांना नमस्कार सांगा 😂

लोकोशेड:
कंडेन्सर एक डिकीत ठेवून द्या तरी.